नाद विकणाऱ्याने आधी ऐकवावे

कापड हाताने चाचपून घ्यावे आणि ध्वनियंत्र कानाने पारखून घ्यावे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यासाठी लेखणी उचलण्याची वेळ येऊ नये. परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत उंची ध्वनियंत्रांची जी दालने गेल्या दोन-तीन दशकांत थाटली गेली, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी ग्राहकाला मिळणारी वागणूक पाहता हा साधा नियमच तेथे उलटा झाला आहे, आणि ग्राहकाने यंत्र पारखण्याऐवजी यंत्र विकणाराच ग्राहकाला पारखीत बसला आहे, असे खेदाने म्हणावे लागते. पायांतील वहाणा, खांद्यावरची पिशवी आणि बोलण्यातील इंग्रजीचे प्रमाण यांवरून आलेल्या माणसाची ऐपत ठरविली जाते, ऐपतीवरून त्याला खुर्ची द्यावयाची की नाही हे ठरते, आणि त्याच्यासाठी यंत्र सुरू करण्याची तसदी घ्यावी की नाही याचा निकाल त्याने तोंड उघडण्यापूर्वीच लागलेला असतो.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर त्याची वर्तमानपत्री चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. कारण उद्धट दुकानदार सर्वच धंद्यांत आढळतात आणि त्यांचा समाचार बाजारच कधी ना कधी घेतो. परंतु ध्वनियंत्राच्या बाबतीत ऐकविणे ही विक्रीपूर्वीची मेहेरबानी नसून तो मालाचाच एक अविभाज्य भाग आहे. स्पीकरची जोडी, अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल मिळून काही लाखांची रक्कम मोजणारा ग्राहक लाकूड, तांबे आणि चुंबक यांचे मोल देत नाही. आपल्या घरी, आपल्या आवडीचे गाणे, आपल्या कानांना कसे ऐकू येईल याचे तो मोल देतो. ते ज्याने त्याला कळू दिले नाही, त्याने पैसे पुरे घेतले आणि माल अर्धाच दिला, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

यावर कोणी म्हणेल की यंत्राचे गुण माहितीपत्रकात छापलेले असतात, ते वाचून निर्णय घ्यावा. परंतु या धंद्यातील आकड्यांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीचे आकडे इतके फुगविले जाऊ लागले की ही शक्ती कशी मोजावी आणि जाहिरातीत कशी सांगावी याचा नियमच तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली घालून द्यावा लागला. आपल्याकडे 'पीएमपीओ' ही अक्षरे ऐंशी-नव्वदच्या दशकांतील वाचकांना चांगलीच आठवत असतील. टेबलाच्या कोपऱ्यावर मावणाऱ्या टू-इन-वनच्या अंगावर शेकडो वॅटचे आकडे दिमाखाने छापलेले असत, आणि क्षणमात्र टिकणाऱ्या कमाल शक्तीचा तो कल्पित आकडा व गाणे चालू असताना सतत मिळणारी खरी शक्ती यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर असे. आजच्या उंची यंत्रांचे आकडे पुष्कळ अंशी प्रामाणिक असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रामाणिक आकडाही खोलीवाचून अपुराच असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा, आणि त्याच्या दुपटी-तिपटीचा, ध्वनी समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थायी लहरी निर्माण करतो, आणि त्यामुळे खर्ज एका जागी फुगतो तर दोन हात अंतरावर जवळजवळ नाहीसा होतो. गिरगावातील चाळीच्या खोलीत किंवा डोंबिवलीच्या सदनिकेत तोच स्पीकर दालनातल्यापेक्षा निराळा वाजणार, हे विक्रेत्याला ठाऊक असते. ते ग्राहकाला सांगणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय.

ऐकविण्याचीही एक नीती आहे, आणि ती पाळली नाही तर ऐकविणे हीच फसवणुकीची सर्वांत सोयीची वाट ठरते. दोन स्पीकर पाठोपाठ वाजविले आणि त्यांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा ठेवला, तर मोठ्या आवाजाचा स्पीकर कानाला अधिक भरदार आणि अधिक स्पष्ट वाटतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांनी हे दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढताच तो भरून येतो. शिवाय एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून ध्यानातही येत नाही. तो 'चांगला आवाज' म्हणून मनात भरतो. त्यातच प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता निराळी असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी एकाच जागी ठेवली तरी दोन जोड्यांचा आवाज सारखा होत नाही. म्हणून साध्या ध्वनिमापकाने दोन्ही जोड्यांचा आवाज समान करून मगच तुलना घडविणे यात जगावेगळे असे काही नाही. ग्लासगोच्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन यांचा तर आग्रह असे की ऐकविण्याच्या खोलीत एका वेळी स्पीकरची एकच जोडी असावी, कारण बाजूला मुके उभे असलेले स्पीकरही वाजणाऱ्या आवाजाने थरथरतात आणि त्यात आपली भर घालतात. त्यांच्या मताला कोणी टोकाचे म्हणो. पण आपल्याकडील अनेक दालनांत भिंतीला लागून डझनभर जोड्या उभ्या असतात आणि त्यांतली सर्वांत महाग जोडी सर्वांत मोठ्या आवाजात वाजत असते, ही वस्तुस्थिती आहे.

आता जे वाजविले जाते त्याविषयी. ज्याने अशा दोन-तीन दालनांची पायरी चढली आहे त्याने ईगल्स या अमेरिकन वाद्यवृंदाचे १९९४ सालचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' तेथे एकदा तरी ऐकलेलेच असते. ते ध्वनिमुद्रण उत्तम आहे, आणि त्याच्या प्रारंभीच्या तालवाद्याचा खोल ठोका छातीवर येऊन आदळतो हेही खरे. परंतु ज्या ग्राहकाचे उभे आयुष्य ख्याल, ठुमरी आणि नाट्यपद ऐकण्यात गेले, त्याला त्या ठोक्यावरून आपले यंत्र कसे निवडता येईल? त्याची खरी कसोटी तंबोरा आहे. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या आणि २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वाद्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवून जवारी लावतात, आणि त्या धाग्याच्या केसभर मागेपुढे होण्याने तारेतून उपस्वरांचा जो प्रवाह सुटतो त्यावर गायकाचा षड्ज उभा असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच विषयावर लिहून दाखविले की, तार एखाद्या बिंदूवर छेडली असता जे उपस्वर शास्त्रानुसार उमटूच नयेत, तेही तंबोऱ्याच्या व वीणेच्या घोडीमुळे ठळकपणे ऐकू येतात. हलक्या यंत्रावर या उपस्वरांचा गिचका होऊन नुसता भुणभुणाट उरतो, आणि चांगल्या यंत्रावर ते एकेक सुटे होऊन पुन्हा एकात मिसळताना ऐकू येतात. डग्ग्यावर हाताचा मनगटाकडील भाग घासून काढलेला घुमारा वर चढताना अखंड राहतो की मध्येच फुटतो, हीही तशीच कसोटी. या दोन गोष्टी अर्ध्या मिनिटात यंत्राची परीक्षा करतात. परंतु त्यासाठी ग्राहकाने बरोबर आणलेली तबकडी लावावयास विक्रेत्याची तयारी हवी.

ती तयारी नसली म्हणजे काय होते, याचा एक प्रसंग माझ्या समोर घडलेला आहे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक निवृत्तीच्या रकमेतून काही भाग बाजूला काढून टर्नटेबल घेण्यासाठी शहरातील एका नामांकित दालनात गेले, तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. "सर, बजेट काय आहे आपलं?" हे स्वागताचे पहिले वाक्य होते. गुरुजींनी शांतपणे कापडी पिशवीतून वडिलांच्या संग्रहातली अब्दुल करीम खाँसाहेबांची लाखेची जुनी तबकडी काढली आणि ती वाजवून दाखवाल का, असे विचारले. "ही आम्ही लावत नाही सर, सुई खराब होते," असे उत्तर आले. "पण या यंत्रावर असल्या जुन्या रेकॉर्ड वाजतील ना?" "सगळं वाजतं सर, इम्पोर्टेड पीस आहे." त्या शब्दावर विसंबून गुरुजींनी पैसे भरले. यंत्र घरी आले आणि उघडल्यावर कळले की त्याला मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेऱ्यांच्या दोनच गती आहेत. ७८ फेऱ्यांची गती त्याला मुळातच नाही.

या प्रसंगात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की विक्रेत्याने तबकडी लावण्यास दिलेल्या नकाराचे कारण खरे होते. साठच्या दशकापर्यंत आपल्याकडे निघत असलेल्या ७८ गतीच्या तबकड्यांची खाच रुंद असते आणि तिला इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश त्रिज्येचे टोक असलेली सुई लागते. १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणलेल्या लाँगप्लेची खाच अत्यंत सूक्ष्म असून तिची सुई तेवढीच बारीक असते, आणि ती बारीक सुई जुन्या तबकडीवर ठेवणे दोघींनाही हानिकारक. हे ज्याला माहीत होते, त्याला हेही माहीत असणे क्रमप्राप्त होते की गुरुजींना हवे ते यंत्र हे नव्हे. आणि म्हणूनच त्याचे पुढचे उत्तर अक्षम्य ठरते. यंत्र परत घेऊन आम्ही गेलो तेव्हा त्याने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. गुरुजींनी वाद घातला नाही. वडिलांच्या तबकड्या पूर्ववत कपाटात गेल्या.

स्त्री ग्राहकाची उपेक्षा याहून अधिक व्यापक आहे आणि ती बोलून दाखविण्याइतकी महत्त्वाचीही कोणाला वाटत नाही. प्रश्न विचारते ती स्त्री आणि उत्तर मिळते ते तिच्याबरोबर आलेल्या पुरुषाला; रिमोट दिला जातो तोही त्याच्याच हाती. ज्या भूमीत मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर आणि किशोरी आमोणकर यांनी पिढ्या घडविल्या, ज्या केसरबाई केरकरांचा भैरवीतला स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून सूर्यमालेच्या पलीकडे निघाला, त्या भूमीत स्त्रीच्या कानाला गाणे कळते हे विक्रेत्याला शिकवावे लागावे, ही आपल्या सांस्कृतिक इभ्रतीला बट्टा लावणारी गोष्ट आहे.

हे सारे अपरिहार्य आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण याच धंद्यात याहून फार निराळा आदर्श घालून दिला गेला आहे. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली आणि छोट्या पेटीतून खोल खर्ज काढणारा स्पीकर बाजारात आणला. या कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या गजबजलेल्या रेल्वेस्थानकात आणि केंब्रिजमध्ये श्रवणदालने उघडली. तेथे कोणीही यावे, बसावे, ऐकावे, प्रश्न विचारावेत. परंतु तेथे विक्री मात्र होत नसे. ज्याला घ्यावयाचे असेल त्याने आपल्या पसंतीच्या दुकानात जाऊन घ्यावे. एवढ्यावरच न थांबता या कंपनीने सभागृहांत फाइन आर्ट्‌स क्वार्टेट या चौघा वादकांना प्रत्यक्ष बसविले आणि वादन चालू असतानाच मध्ये स्पीकर सुरू करून, वादक कोणते आणि यंत्र कोणते हे ओळखण्याचे काम श्रोत्यांवर सोपविले. तिच्या स्पीकरची हमी पाच वर्षांची असे आणि त्या मुदतीत दुरुस्तीचे सुटे भाग, मजुरी, इतकेच नव्हे तर ने-आण करण्याचे भाडेही कंपनी सोशीत असे. पुढे कंपनी विकून विल्चर श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळले आणि त्यातले महत्त्वाचे शोध त्यांनी एकस्वाधिकार न घेता सर्वांसाठी खुले केले. माणसाच्या कानाविषयीचा जो आदर त्यांच्या विज्ञानात होता तोच त्यांच्या व्यापारातही होता.

आपल्या शहरांनाही ही रीत अपरिचित नव्हती. काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तबकडी घेण्यापूर्वी ती ऐकण्यासाठी स्वतंत्र कक्ष असत, आणि २०१६ साली ते दुकान बंद झाले तेव्हा मुंबईकर हळहळले ते या सवयीसाठी. पुण्यात कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकर यांच्या दुकानात खरेदीचा विचार नसलेला विद्यार्थीही कोणत्या गायकाचा कोणता राग आधी ऐकावा याचे मार्गदर्शन घेऊन बाहेर पडे. त्यांनी स्वतः शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती काढून हा व्यासंग सार्थ केला. ही दुकाने यंत्रे नव्हे तर ध्वनिमुद्रणे विकीत, हे खरे. परंतु आधी ऐकावयास मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, ही जाण त्यांच्यात होती. आजही लॅमिंग्टन रोडवरच्या गल्लीत दोन माणसे दाटीवाटीने उभी राहतील एवढ्या जागेत बसून कार्ट्रिजची सुई भिंगाखाली तपासणारे, मापकाच्या टोकावर ती टेकवून तिचा भार दोन ग्रॅमच्या आसपास आणणारे आणि ग्राहकाच्या हाती भिंग देऊन "तुम्हीच बघा" असे म्हणणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे वातानुकूलित दालन नसेल. परंतु जी सेवा लाखांच्या यंत्राबरोबर मिळावयास हवी ती त्यांच्याकडे चार-पाचशे रुपयांच्या कामाबरोबर मिळते.

कायद्याची बाजूही ग्राहकाला फारशी प्रतिकूल नाही. ग्राहक चळवळीचे माहेरघर महाराष्ट्रच आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि देशाला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली मिळाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यानुसार, वस्तूत जो उपयोग नाही तो आहे असे सांगणे हा अनुचित व्यापारी व्यवहार ठरतो. आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, व तशी मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हाही तसाच ठरतो. बिलाच्या तळाशी छापलेली ती ओळ कायद्याहून मोठी नाही. ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार गुदरता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. ज्या माणसाने आयुष्यभर कचेरीची पायरी टाळली, त्याला ही वाट अवघड वाटते हे मी जाणतो; परंतु ती अस्तित्वात आहे आणि तिच्यावरून चालणारे वाढले तरच ती रुंद होईल.

विक्रेत्यांची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे, आणि ती निराधार नाही. मोक्याच्या जागेचे भाडे, आयातकर, नमुन्यादाखल मांडलेल्या यंत्रांत अडकलेले भांडवल, आणि या सर्वांवर कडी म्हणजे दोन-दोन तास ऐकून, सल्ला घेऊन, शेवटी तेच यंत्र दुबईहून किंवा ऑनलाइन मागविणारे ग्राहक. दुकानदाराच्या वेळेचा असा फुकट उपभोग घेणे हे अप्रामाणिकपणाचेच वर्तन आहे, आणि ग्राहकाने सौजन्याची अपेक्षा करताना स्वतःची नीतीही तपासावी. परंतु चार ग्राहकांनी लबाडी केली म्हणून पाचव्याला दारातच संशयित ठरविणे हा त्यावरील उपाय नव्हे.

उपाय साधे आहेत. ऐकविण्यासाठी वेळ ठरवून बोलवावे आणि हवे तर त्याचे माफक शुल्क घ्यावे; खरेदी झाल्यास ते किमतीतून वजा करावे. ग्राहकाची आवड आधी विचारावी, ऐपत मागाहून. त्याने आणलेले ध्वनिमुद्रण यंत्राला अपायकारक नसेल तर ते प्रथम वाजवावे. तुलना समान आवाजावर करावी. अनामत घेऊन यंत्र चार दिवस घरी नेऊ द्यावे, म्हणजे खोलीचा प्रश्न खोलीतच सुटेल. ग्राहकाने सांगितलेल्या उपयोगासाठी हे यंत्र योग्य आहे असे बिलावर लिहून द्यावे. माल अधिकृत वितरकाकडून आलेला आहे की नाही, हमी कोण देणार आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे न विचारताच सांगावे. यांतील एकही तजवीज अशी नाही की जिच्यामुळे एखाद्या प्रामाणिक दुकानदाराचे दिवाळे वाजेल.

संगीत ऐकण्यासाठी बचत करणारा मध्यमवर्गीय माणूस या देशात दुर्मीळ आहे असे विक्रेत्यांना वाटत असेल, तर त्यांनी डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर थंडीत तासन्‌तास बसणाऱ्या श्रोत्यांकडे एकदा पाहावे. त्यांच्यातला प्रत्येक जण लाखांचे यंत्र घेणार नाही. पण जो घेईल तो याच बैठकीतून उठून जाईल, आणि कोणाच्या दारात त्याला मान मिळाला हे तो शेजारी बसलेल्या दहाजणांना सांगेल. म्हणून ग्राहकांना माझे सांगणे एवढेच आहे की ज्या दालनात आधी ऐकविले जाते तेथेच पैसे मोजावेत, जेथे ऐकविले जात नाही तेथून काही न घेता परत फिरावे, आणि खोटे सांगून माल गळ्यात बांधला गेला तर तक्रार लेखी करावी. आपल्या रसिकतेची किंमत आपणच राखली नाही, तर ती राखण्याचे काम कोणताही विक्रेता आपण होऊन अंगावर घेणार नाही.